भरवशाची ॲनी

डिसेंबर १९३९. दुसरं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. समुद्रावर गस्त घालणाऱ्या एका ब्रिटिश विमानाला खाली पाण्यावर पाणबुडी दिसली. जर्मनच असणार, असं धरून वैमानिकाने विमान खाली आणलं आणि ४५ किलो वजनाचा बॉम्ब सोडला. नेम चुकला नाही. बॉम्ब पाणबुडीच्या मनोऱ्याच्या बुंध्याशीच आदळला. पण पाणबुडी जर्मन नव्हती. ती ब्रिटिश नौदलाची ‘स्नॅपर’ होती. थेट माऱ्याने तिचं नुकसान किती झालं? आतले विजेचे चार दिवे फुटले.

सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ याच जातीच्या दुसऱ्या विमानाने आणखी एका पाणबुडीवर बॉम्ब टाकले होते. तीही आपल्याच पक्षाची निघाली. तिथे तर बॉम्ब पाण्यावरून उसळले आणि हवेत फुटले. त्यांच्या तुकड्यांनी विमानाच्याच इंधनटाकीला भोकं पडली आणि वैमानिकाला सेंट अँड्र्यूज गावाजवळ समुद्रात उतरावं लागलं.

हे विमान म्हणजे ॲव्रो कंपनीचं ‘ॲन्सन’. लढाऊ विमान म्हणून त्याची पत काय होती, हे या दोन प्रसंगांतून पुरेसं कळतं. तरीही ॲन्सन तब्बल ११,०२० बांधली गेली, त्यांचं उत्पादन १९५२ पर्यंत चालू राहिलं आणि ब्रिटिश हवाई दलातून शेवटचं ॲन्सन निवृत्त झालं ते १९६८ मध्ये. ज्या विमानाला पाणबुडी बुडवता आली नाही, त्याने पाणबुड्या बुडवणारे, शहरांवर रात्री उडणारे आणि अटलांटिक ओलांडणारे हजारो तरुण घडवले. हे शिक्षण फुकट झालं नाही. त्याची किंमत विमानाने भरली, आणि शिकणाऱ्यांनीही भरली.

ॲन्सनचा जन्म मुळात प्रवासी विमान म्हणून झाला. १९३३ मध्ये इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीला चार प्रवासी घेऊन जाणारं छोटं, वेगवान विमान हवं होतं. ॲव्रोचे मुख्य अभियंता रॉय चॅडविक यांनी त्यासाठी दोन इंजिनांचं ‘ॲव्रो ६५२’ आखलं. इंपीरियल एअरवेजने अशी दोनच विमानं घेतली. पण त्याच सुमारास ब्रिटिश हवाई मंत्रालय किनाऱ्यावरच्या गस्तीसाठी विमान शोधत होतं. चॅडविकनी प्रवासी विमानाला मशीनगनचा बुरूज बसवला, आणि २४ मार्च १९३५ रोजी सैनिकी नमुन्याने पहिलं उड्डाण केलं. अठराव्या शतकात जगप्रदक्षिणा करणारे नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सन यांचं नाव त्याला मिळालं. मार्च १९३६ मध्ये मॅन्स्टन इथल्या ४८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते दाखलही झालं.

पुढे ज्याच्या नावाने ब्रिटन छाती फुगवत आलं, ते लँकेस्टर बॉम्बफेकी विमानही याच चॅडविक यांच्या कागदावरून उतरलं. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांचा अंत झाला तो ॲव्रोच्याच ट्यूडर विमानाच्या चाचणी उड्डाणात. पंखावरच्या एलेरॉनच्या तारा जोडताना उलट बसवल्या गेल्या होत्या. वैमानिक एका बाजूला कलायला सांगत होता, विमान दुसऱ्या बाजूला कलत होतं.

तर ॲन्सन. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड आणि लाकडाचा एकसंध पंख. पंखाचा पसारा १७ मीटरहून थोडा जास्त. दोन्ही बाजूंना साडेतीनशे अश्वशक्तीची ‘चीता’ इंजिनं. सर्वाधिक वेग ताशी ३०० किलोमीटर, आणि नेहमीच्या कामाला अडीचशेच्या आसपास. बाजूने काचांची लांबलचक रांग, त्यामुळे आत बसलेल्याला बाहेरचं सगळं दिसे. १९३६ मध्ये या विमानाची एक गोष्ट मात्र अगदी नवी होती. उड्डाणानंतर चाकं आत ओढून घेणारं ते ब्रिटिश हवाई दलातलं पहिलं एकपंखी विमान होतं.

चाकं ‘ओढून घेणारं’ म्हणजे काय, हे ज्यांनी ती ओढली त्यांनाच विचारायला हवं होतं. वैमानिकाच्या आसनाशेजारी एक हँडल होतं. ते गोल गोल फिरवायचं. एकदा नाही, दहादा नाही, सुमारे १४० वेळा. मग चाकं इंजिनाच्या खोबणीत जात. उतरताना पुन्हा तेवढेच फेरे उलटे. शिकाऊ वैमानिकाला एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने हे करणं अवघड, म्हणून हे काम शेजारी बसलेल्याच्या गळ्यात पडे. उड्डाण थोडक्यातलं असलं की बरेच जण चाकं वर घेण्याच्या भानगडीत पडतच नसत. वेग ताशी पन्नासेक किलोमीटरनी कमी झाला तरी चालेल, पण दंड दुखायला नकोत, असा सरळ हिशेब. कॅनडात बनलेल्या नंतरच्या ॲन्सनमध्ये हायड्रॉलिक यंत्रणा आली, तेव्हा या हँडलपासून सुटका झाली.

चाकं वर गेली तरी पूर्ण लपत नसत, थोडी बाहेर डोकावत. दिसायला ते ओबडधोबड, पण फायद्याचं ठरलं. चाकं न काढता पोटावर उतरण्याची वेळ आली, तर विमान अर्धवट त्या चाकांवर घसरे आणि मोडतोड आटोक्यात राही. चाकं खाली घ्यायची विसरून उतरणं ही शिकाऊ वैमानिकाची ठरलेली चूक. अशा चुकीनंतर जे विमान पुन्हा उडतं, ते शाळेसाठी सोन्याचं.

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडे ८२४ ॲन्सन होती. गस्त, शोध, पाणबुड्यांवर नजर अशी कामं ती करत होती. रडारच्या इतिहासातही त्यांचा एक मानाचा उल्लेख आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये एका ॲन्सनमध्ये बसवलेल्या प्रायोगिक रडारने खराब हवेत उत्तर समुद्रातल्या ब्रिटिश युद्धनौका शोधून काढल्या होत्या. लढाईतही एकदा ॲन्सनने चकित केलं. १ जून १९४० रोजी डंकर्कजवळ तीन ॲन्सनवर नऊ जर्मन मेसरश्मिट तुटून पडली. ॲन्सनवाल्यांनी दोन शत्रूविमानं पाडल्याचा दावा केला, आणि तिन्ही ॲन्सन घरी परतली. हा अपवाद. आघाडीवरचं काम लवकरच अमेरिकन हडसन विमानांकडे गेलं. ॲन्सनची खरी नोकरी तिथून सुरू झाली.

१७ डिसेंबर १९३९ रोजी कॅनडात ओटावा इथे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी एका करारावर सह्या केल्या. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचा तो पासष्टावा वाढदिवस. योजना अशी की ब्रिटनचं आकाश शत्रूच्या टप्प्यात आहे, तेव्हा वैमानिक, नॅव्हिगेटर, वायरलेसवाले आणि तोफची साम्राज्याच्या दूरच्या, मोकळ्या प्रदेशांत घडवायचे. एकट्या कॅनडातून या योजनेखाली १,३१,५५३ जण तयार होऊन बाहेर पडले. दोन इंजिनांचं विमान शिकायचं, नकाशावर मार्ग काढायचा, संदेश पाठवायचे, यांतल्या बहुतेक धड्यांसाठी वर्ग एकच होता. तो म्हणजे ॲन्सनचं पोट.

मे १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनने विमानं बाहेर पाठवणं थांबवलं, तेव्हा कॅनडाने ती स्वतःच बांधायला घेतली. अमेरिकन इंजिनं बसवली. ॲल्युमिनियम आणि पोलाद वाचवण्यासाठी पुढे तर साच्यात दाबलेल्या प्लायवुडचं अंग केलं. तिथे एकूण २,८८२ ॲन्सन बनली. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने हजारावर वापरली. ब्रिटनमध्ये कारखान्यातली नवी विमानं तळावर पोचवणाऱ्या संघटनेने तर ॲन्सनची टॅक्सी केली. एका तळावर विमानं सोडून आलेले पुरुष आणि महिला वैमानिक ॲन्सनमध्ये दाटीवाटीने बसत आणि पुढच्या कामाला निघत. सैनिकांनी तिला नाव ठेवलं ‘भरवशाची ॲनी’. खोड्या काढायला सवलत देणारी, पण वेळेला धावून येणारी.

भरवशाची म्हणजे किती, याचा दाखला ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातल्या ब्रॉकल्सबी या खेड्यावर मिळाला.

२९ सप्टेंबर १९४०, सकाळ. वॉगा वॉगाजवळच्या फॉरेस्ट हिल तळावरून दोन ॲन्सन प्रशिक्षणाच्या फेरीला निघाली. प्रत्येकात दोनच शिकाऊ: एक वैमानिक आणि एक नॅव्हिगेटर. पहिल्यात २२ वर्षांचा लेनर्ड फुलर आणि इयन सिंक्लेअर. दुसऱ्यात १९ वर्षांचा जॅक ह्यूसन आणि ह्यू फ्रेझर. ब्रॉकल्सबीवर हजार फुटांच्या आसपास असताना दोघांनी वळण घेतलं. वळताना ह्यूसनचं विमान फुलरच्या खाली आलं आणि त्याच्या नजरेआड झालं. पुढच्या क्षणी आघात झाला. वरचं विमान खालच्याच्या पाठीवर बसलं. इंजिनांचे पंखे एकमेकांत घुसले, आवरणं फाटली आणि दोन विमानं एकमेकांत अडकून बसली.

इथपर्यंतची गोष्ट हवाई टकरींच्या नेहमीच्या अहवालासारखीच आहे. शेवटही नेहमीचाच व्हायचा. पण अडकलेली ही जोडगोळी कोसळली नाही. फुलरची दोन्ही इंजिनं बंद पडली होती, आणि खालच्या विमानाची इंजिनं पूर्ण जोरात फिरत होती. दोन विमानं, चार पंख, चालू दोनच इंजिनं; आणि हे अवजड धूड आकाशात संथ गोल फेऱ्या घेऊ लागलं.

दोन्ही नॅव्हिगेटरांनी पॅराशूट घेऊन उड्या टाकल्या. ह्यूसनच्या विमानाच्या पाठीत वरच्या विमानाचा पंखा घुसला होता. त्याच्या पाठीला जखम झाली, तरी तोही बाहेर पडला. आता खालच्या विमानात कोणीच नव्हतं आणि इंजिनं मात्र त्याचीच चालत होती. वर फुलर एकटा. त्याने हात लावून पाहिलं तर त्याचे एलेरॉन आणि फ्लॅप काम देत होते. म्हणजे ढकलणारं बळ खालच्या विमानाचं आणि लगाम वरच्या विमानाचा. उडी न टाकता त्याने जागा शोधायला सुरुवात केली. आठएक किलोमीटर ते ओझं त्याने उडवत नेलं, ब्रॉकल्सबीच्या नैऋत्येला एक कुरण निवडलं आणि पोटावर उतरला. गवतावरून सुमारे १८० मीटर घसरून जोडी थांबली.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला फुलरने जे सांगितलं, त्यात विलक्षण असं काही नव्हतं. सक्तीच्या उतरणीसाठी जे शिकवलं होतं तेच केलं, एवढाच त्याचा सूर. वस्तीजवळची जागा निवडा, वाऱ्याच्या तोंडाला उतरा. शेतघर जवळ होतं, वारा समोरून होता, दोन फेऱ्या मारल्या आणि उतरलो. फक्त विमान हाताला बरंच जड लागलं, अशी पुस्ती त्याने जोडली.

बातमी जगभर पोचली. हवाई दलाची सुमारे ४०,००० पौंडांची सामग्री वाचली होती. फुलरला सार्जंट करण्यात आलं. आणि शिक्षाही झाली! परवानगीशिवाय वर्तमानपत्रांशी बोलल्याबद्दल १४ दिवस बराकीबाहेर पडायला बंदी आणि सात दिवसांचा पगार कापला. सैन्यात कौतुकाची आणि शिक्षेची फाइल वेगळी ठेवतात. वरचं विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडायला लागलं. खालचं जमिनीवर ठेवून विद्यार्थ्यांना यंत्रं समजावण्यासाठी वापरलं गेलं.

अशा प्रसंगाचं श्रेय कोणाचं? फुलरच्या थंड डोक्याचं तर आहेच. पण विमानाच्या बांधणीचा वाटाही लहान नाही. रुंद पंख आणि कमी वेग, त्यामुळे ॲन्सनचं ओझं वाढलं तरी ते लगेच खाली कोसळत नसे. नळ्यांच्या सांगाड्यामुळे कापड फाटलं तरी आतला सापळा ताकद धरून ठेवी. वेगवान लढाऊ विमानांत अशी टक्कर झाली असती, तर कुरण निवडायला वेळच मिळाला नसता.

चौघांपैकी ह्यूसन आणि सिंक्लेअर युद्धातून वाचले. फ्रेझर ब्रिटनला गेला. १ जानेवारी १९४२ रोजी प्रशिक्षणाच्याच उड्डाणात त्याचं हडसन विमान झाडाला धडकलं आणि तो गेला. फुलर भूमध्य समुद्राच्या आघाडीवर लढला. इटलीतल्या पालेर्मोवरच्या कामगिरीसाठी त्याला पदक मिळालं. पुढे तो ऑस्ट्रेलियात परत येऊन नव्या वैमानिकांना शिकवू लागला. १८ मार्च १९४४ रोजी तो व्हिक्टोरिया प्रांतातल्या सेल गावाजवळ सायकलवरून चालला होता. बसची धडक बसून तो वारला.

ब्रॉकल्सबीची कहाणी रंगवून सांगितली जाते, कारण तीत सगळे वाचले. ॲन्सनच्या अपघातांचा मोठा ठेवा मात्र डोंगरांत आहे, आणि त्यात वाचलेले थोडेच. असं का, ते कळायला त्या काळचा नॅव्हिगेटर कसा मार्ग काढायचा, हे पाहायला हवं. उपग्रह नाहीत, बहुतेक ठिकाणी रेडिओची दिशाही नीट मिळत नाही. हाती होकायंत्र, घड्याळ आणि वेगाचा काटा. इतक्या वेगाने, या दिशेने, इतकी मिनिटं उडालो म्हणजे अमुक ठिकाणी आलो असणार, असा तो हिशेब. हिशेबातला खरा बदमाश म्हणजे वारा. ताशी ४० किलोमीटरचा वारा अंदाजात धरला नाही, तर तासाभरात विमान चाळीस किलोमीटर बाजूला ढकललं जातं. नकाशावर ते अजून समुद्रावर असतं, प्रत्यक्षात खाली जमीन असते. वरून ढग. वैमानिकाला वाटतं समुद्र आहे, ढगातून खाली उतरून बघू. खाली उतरतो, आणि ढगातून डोंगर बाहेर येतो.

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावर लँडरोग नावाचा प्रशिक्षण तळ होता. धावपट्टी समुद्राच्या पातळीला, पुढ्यात आयरिश समुद्र आणि पाठीमागे अवघ्या अठराएक किलोमीटरवर वेल्सचा सर्वात उंच डोंगर, १,०८५ मीटरचा स्नोडन. नॅव्हिगेटरीचे विद्यार्थी ॲन्सनमधून समुद्रावर जात आणि परत येत. परतताना वाट चुकली, तर अडीचशेच्या वेगाने किनाऱ्यापासून शिखरापर्यंतचं अंतर साधारण चार मिनिटांत संपतं. त्यातच ॲन्सनचे पंखे सुरुवातीला एकाच कोनात पक्के बसवलेले. एक इंजिन बंद पडलं, तर त्या इंजिनाचा पंखा वाऱ्याला आडवा फिरून अडथळाच होई, आणि भरलेल्या विमानाला उंची टिकवणं कठीण जाई. ओलसर थंड हवेत पंखांवर आणि इंजिनाच्या तोंडाशी बर्फ साचला की तेच.

तळावरचे डॉक्टर जॉर्ज डेस्मंड ग्रॅहम यांना हे अपघात वेगळ्या बाजूने दिसले. विमान आदळलं, तरी सगळे तिथल्या तिथे मरत नाहीत. पाय मोडलेला, डोकं फुटलेला एखादा मुलगा ढिगाऱ्याशेजारी जिवंत असतो. पण मदत पोचेपर्यंत रात्र होते, गारठा पडतो, आणि सकाळी तो गेलेला असतो. ग्रॅहम यांनी तळावरच्या स्वयंसेवकांची एक तुकडी उभी केली. साधनं जुजबी, गिर्यारोहणाचं शिक्षण बेताचं. पण ही तुकडी ढगात चढून विमानं शोधू लागली, जखमींना खाली आणू लागली. १९४३ मध्ये या कामाला अधिकृत मान्यता मिळाली आणि ब्रिटिश हवाई दलाची डोंगरी बचाव सेवा जन्माला आली. ती आजही काम करते आणि आज वाचवते ते मुख्यतः सामान्य गिर्यारोहकांना. शिकाऊ विमानांच्या अपघातांनी मागे ठेवलेली ही एकमेव उपकारक गोष्ट म्हणता येईल.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ॲसिंट भागातल्या एका उंच माळावर एक कबर आहे. १३ एप्रिल १९४१ रोजी किनलॉस तळावरून निघालेलं ॲन्सन हिमवादळात तिथे आदळलं. सहा जण होते. शोध चालू राहिला, पण अवशेष सापडले ते मे महिन्याच्या अखेरीस. इतक्या उंचीवरून सहा शवं खाली नेणं शक्य नाही, म्हणून त्यांना तिथेच पुरलं. युद्धातल्या ब्रिटिश कबरींत ती सर्वात दुर्गम जागांपैकी एक. विमानाचे तुकडे अजून माळावर पडलेले आहेत. दगडांचा जुना ढीग वर्षांनुवर्षं ढासळत होता, म्हणून २०१३ मध्ये ग्रॅनाइटचा नवा स्मृतिस्तंभ चिनूक हेलिकॉप्टरने उचलून तिथे नेण्यात आला.

त्याच २०१३ च्या शरद ऋतूत जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर, जंगलतोडीच्या कामगारांना झाडीत एक मोडकं विमान सापडलं. ते होतं ३० ऑक्टोबर १९४२ रोजी पॅट्रिशिया बे तळावरून नॅव्हिगेशनच्या सरावाला गेलेलं आणि कधीच न परतलेलं ॲन्सन. आत तीन ब्रिटिश आणि एक कॅनेडियन होता. ७१ वर्षं तळापासून फार दूर नसलेल्या डोंगरउतारावर ते पडून होतं, आणि झाडं त्याच्यावरून वाढली होती. २०१४ मध्ये त्या चौघांचे अवशेष काढून व्हिक्टोरिया शहरातल्या दफनभूमीत लष्करी इतमामाने पुरण्यात आले.

या तिन्ही जागी यंत्र बिघडलं म्हणून माणसं मेली, असं सरसकट म्हणता येत नाही. हवा, बर्फ, ढगात दडलेला उतार आणि अंगात नुकतंच आलेलं ज्ञान. कॅनडातल्या त्या योजनेत प्रशिक्षणातच ८५६ जण दगावले. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे युद्धात ५५,५७३ जण मरण पावले. त्यांतले आठ हजारांच्या वर शत्रूशी गाठ पडण्याआधीच, सरावात आणि अपघातांत गेले. युद्धस्मारकांवर ही नावं वेगळी कोरलेली नसतात. सरावाची घाई होती, विमानं आणि शिक्षक कमी होते, आणि आघाडीला रोज नवी माणसं हवी होती. अपघात हे या घाईचंच मोल होतं. सैन्याने ते मोजून स्वीकारलं.

युद्ध संपल्यावर हजारो ॲन्सन एका रात्रीत बिनकामाची ठरली. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी ती मातीमोलाने विकत घेतली. उडवायला नव्हे! टाकीतलं इंधन, टायर, तारा, बोल्ट, काटे आणि उरलेल्या सांगाड्याची कोंबड्यांना सावली. आज कॅनडातल्या संग्रहालयांत जी ॲन्सन उभी आहेत, त्यांतली बरीचशी अशाच शेतांतून उचलून आणली आहेत. ब्रिटनमध्ये मात्र नव्या रूपातली ॲन्सन बनतच राहिली. भारत सरकारनेही नागरी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ‘ॲन्सन १८-सी’ घेतली.

तिचा खरा आजार बाहेर आला तो म्हातारपणी. ऑस्ट्रेलियात युद्धानंतर छोट्या विमान कंपन्यांनी बरीच जुनी ॲन्सन घेतली आणि त्यांतून माल, डाक, प्रवासी नेले. पण लाकडी पंखाचे जोड डिंकाने बसवलेले. ऊन, ओल, पुन्हा ऊन, असं वीस वर्षं झाल्यावर तो डिंक आतून सुटायला लागला. बाहेरून पंख चकचकीत, आतून जोड मोकळा. आत किती डिंक शिल्लक आहे, हे पंख फोडल्याशिवाय सांगता येत नाही. युद्धात पाठीवर दुसरं विमान घेऊन उडालेली ॲनी शांततेत डिंकापायी हरली. भरवशाच्या म्हशीला टोणगा तो असा. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नागरी विमान विभागाने लाकडी पंखांच्या ॲन्सनना उडण्यास मनाई केली. हुकूम चुकीचा नव्हता. आतला जोड दिसत नाही तेव्हा नशिबावर प्रवासी चढवायचे नसतात.

ब्रिटिश हवाई दलातली शेवटची ॲन्सन धातूच्या पंखांची होती, म्हणून ती आणखी सहा वर्षं टिकली. अखेरचं उड्डाण २८ जून १९६८ रोजी झालं, पहिलं विमान दाखल झाल्यानंतर ३२ वर्षांनी. ब्रॉकल्सबीच्या गावकऱ्यांनी २९ सप्टेंबर १९९० रोजी, टकरीच्या पन्नासाव्या वर्षी, त्या कुरणाजवळ स्मृतिशिला बसवली आणि २००७ मध्ये गावात ॲन्सनचं एक इंजिन ठेवलं.

विमानाला गुण द्यायचे झाले, तर शस्त्र म्हणून ॲन्सनला नापास करावं लागेल. शिक्षक म्हणून ती त्या युद्धातल्या सर्वोत्तम विमानांत बसते. चुका सोसण्याची ताकद तिच्यात होती, ढगातला डोंगर सोसण्याची नव्हती. १९४३ साली बांधलेलं आणि १९६२ च्या मनाईनंतर कित्येक वर्षं जमिनीवर पडलेलं एक ॲन्सन न्यूझीलंडमधल्या नेल्सन इथे पुन्हा जोडलं गेलं आणि १८ जुलै २०१२ रोजी ते उडालं. ॲन्सनच्या पहिल्या आवृत्तीचं उडतं विमान पाहायचं असेल, तर आज जगात तेवढंच एक आहे.